अँग्लिसिस्ट: हा शब्द कुठे चालतो, कुठे अडतो

एम.ए. इंग्लिश करून कॉलेजात शिकवणाऱ्याला नागपुरात 'इंग्लिशचे सर' नाहीतर 'इंग्लिशच्या मॅडम' म्हणतात आणि तेवढ्यावर सगळ्यांचं भागतं. पण युरोपातल्या एखाद्या जर्नलमध्ये लेखकाची ओळख वाचताना मधेच 'अँग्लिसिस्ट' हा शब्द समोर येतो. इंग्रजी भाषा आणि इंग्रजी साहित्य या दोहोंचा अभ्यास करणारा विद्वान, असा त्याचा अर्थ. स्पेलिंग ए-एन-जी-एल-आय-सी-आय-एस-टी. पहिलं अक्षर इंग्रजीत नेहमी मोठं. यातलं मधलं 'आय-सी' गाळून 'अँग्लिस्ट' असंही रूप दिसतं, ते जर्मनमधून आलेलं. विषयाचं नाव इंग्रजीत अँग्लिस्टिक्स, जर्मनमध्ये अंग्लिस्टिक, इटालियनमध्ये आंग्लिस्तिका. जर्मनमध्ये बाईसाठी 'अंग्लिस्टिन' असं वेगळं रूप आहे. फ्रेंचमधला 'आंग्लिसिस्त' मात्र दोघांनाही चालतो.

खुद्द इंग्लंड-अमेरिकेतले प्राध्यापक स्वतःला क्वचितच असं म्हणवून घेतात. त्याचं कारण साधं आहे. जर्मनचा अभ्यासक जर्मनिस्ट, फ्रेंच-इटालियन-स्पॅनिशचा रोमानिस्ट, रशियन-पोलिशचा स्लाविस्ट, चीनचा सायनॉलॉजिस्ट, भारताचा इंडॉलॉजिस्ट. ही सगळी नावं बाहेरून बघणाऱ्यांना लागतात, घरच्यांना लागत नाहीत. आपण तरी मराठीच्या प्राध्यापकाला कुठे वेगळं नाव दिलंय? त्यामुळे हा शब्द दिसला, की लिहिणारा बहुधा जर्मनी, फ्रान्स, इटली, पोलंड अशा ठिकाणचा असणार किंवा तिथल्या परंपरेत शिकलेला असणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

आता अडचण. भारताबद्दलच्या लिखाणात हाच शब्द अगदी वेगळ्या अर्थाने पक्का बसलेला आहे. 1813च्या चार्टर कायद्याने कंपनी सरकारने शिक्षणावर वर्षाला किमान एक लाख रुपये खर्च करावेत असं ठरलं. ते कशावर करायचे यावरून पुढे कलकत्त्यात दोन तट पडले. संस्कृत-अरबी-फारसीच्या बाजूचे ते ओरिएंटलिस्ट. होरेस हेमन विल्सन आणि हेन्री थोबी प्रिन्सेप ही त्यांतली ठळक नावं. इंग्रजीच्या बाजूचे ते अँग्लिसिस्ट. त्यांत चार्ल्स ट्रेव्हेल्यन होता, आणि 2 फेब्रुवारी 1835 चं ते प्रसिद्ध टिपण लिहिणारा मेकॉले. 7 मार्च 1835 ला गव्हर्नर जनरल बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने ठराव केला. 1839 मध्ये त्याच पदावरच्या ऑकलंडने थोडी तडजोड केली, पण 'अँग्लिसिस्ट' हे नाव इतिहासाच्या पुस्तकांत त्या गटाला कायमचं चिकटलं.

गंमत अशी, की 1835चे हे अँग्लिसिस्ट इंग्रजीचे अभ्यासक नव्हतेच. ते शिक्षणाच्या धोरणातला एक पक्ष होते. त्यांच्यासमोरचे ओरिएंटलिस्ट मात्र खरोखरच विद्वान होते. विल्सन तर इथून गेला तो थेट ऑक्सफर्डला संस्कृतचा बोडेन प्राध्यापक झाला. (नागपुरात तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. इथला कारभार 1854 साली इंग्रजांच्या हातात गेला, त्यामुळे या भांडणाशी गावाचा त्या वेळी थेट संबंध आला नाही.)

म्हणून प्रबंधात काय करायचं? विषय वसाहतकाळातलं शिक्षण असेल, तर 'अँग्लिसिस्ट' फक्त 1835च्या गटासाठी ठेवायचा आणि आजच्या अभ्यासकांना 'इंग्लिश स्टडीजचे अभ्यासक' म्हणायचं. विषय युरोपातल्या इंग्रजीच्या अभ्यासाचा असेल, तर पहिल्यांदा शब्द येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगून टाकायचा. दोन्ही अर्थ एकाच प्रकरणात फिरत राहिले, की परीक्षक तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच बोट ठेवतात. आणि त्यांचं चूक नसतं.

मराठीत काय म्हणावं हाही प्रश्न येतोच. 'आंग्लविद्यापंडित' वगैरे घडवता येईल, पण मराठी कानाला 'आंग्ल' लागलं की लगेच 'आंग्लाळलेला' आठवतो, म्हणजे साहेबी चालीरीतींचा. मला विचाराल तर 'इंग्रजीचे अभ्यासक' पुरेसं आहे. नवा शब्द घडवण्याची हौस 'भारतविद्या' आणि 'प्राच्यविद्या'पाशी थांबलेली बरी.

या शब्दामागचा मूळ विषय जर्मन विद्यापीठांत उभा राहिला. 1870च्या दशकात स्ट्रासबर्गला, तेव्हा ते जर्मन साम्राज्यात होतं, मूळचा अ‍ॅमस्टरडॅमचा बर्नहार्ट टेन ब्रिंक इंग्रजीचा प्राध्यापक झाला. त्याचं काम चॉसर या मध्ययुगीन इंग्रजी कवीवर. त्याच दशकाच्या अखेरीस 'एंग्लिशे श्टुडिएन' आणि 'आंग्लिया' ही दोन नियतकालिकं निघाली. 'आंग्लिया' 1878 पासूनचं, आणि ते आजही निघतं. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला 1894 उजाडलं, केंब्रिजला 1917. नागपूरकरांना काही तारखा इथे जोडून ठेवता येतील. हिस्लॉप कॉलेज 1883चं, मॉरिस कॉलेज 1885चं, म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय संस्था. नागपूर विद्यापीठ 1923 साली झालं. त्याआधीची इथली पोरं कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाचे पेपर देत होती, आणि त्यांत इंग्रजी होतंच.

जर्मन पद्धतीतला मुद्दा असा, की भाषा आणि साहित्य वेगळे काढायचे नाहीत. जुन्या हस्तलिखिताचा पाठ ठरवायचा, शब्दाचा त्या काळातला अर्थ शोधायचा, व्याकरण बघायचं, छंद मोजायचा आणि मगच अर्थ लावायचा. याला फिलॉलॉजी म्हणतात. कोपनहेगनचा ऑटो येस्पर्सन याच घराण्यातला. 1893 ते 1925 तो तिथे इंग्रजीचा प्राध्यापक होता. इंग्रजीचं सात खंडांचं व्याकरण लिहिणारा हा माणूस डॅनिश, आणि इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांचे उच्चार बदलत गेले त्याला दिलेलं 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' हे नावही त्याचंच. डच, डॅनिश, स्वीडिश लोकांनी इंग्रजी व्याकरणावर केलेलं काम बघितलं, की एक गोष्ट जाणवते. इंग्रजी ज्यांना शिकावी लागली त्यांना तिचे नियम दिसले. जन्मतः बोलणाऱ्याला ते दिसायची गरजच पडत नाही.

ही पद्धत प्रत्यक्षात काय करते ते 'हॅम्लेट'मध्ये दिसतं. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात भुताच्या मागे निघालेल्या हॅम्लेटला मित्र अडवतात, तेव्हा तो म्हणतो, 'आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी.' आजच्या इंग्रजीने वाचलं तर 'मला जाऊ देणाऱ्याचं भूत करीन' असा उलटाच अर्थ निघतो. इथला 'लेट' म्हणजे अडवणं, आजच्या 'लेट'शी त्याचा संबंध नाही. टेनिसमध्ये जाळीला लागून पलीकडे पडलेल्या सर्व्हिसला 'लेट' म्हणतात, तिथे हा जुना शब्द उरला आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत दोन्ही 'लेट' वेगळ्या नोंदींखाली आहेत. ती डिक्शनरी वापरायची रीतही ठाऊक हवी. प्रत्येक अर्थाखाली तारखांसकट उदाहरणं असतात, सर्वांत जुनं आधी. आपल्या नाटकाचं साल घ्यायचं, त्या सालाच्या आसपास कुठला अर्थ जिवंत होता ते बघायचं, आणि तोच लावायचा. मुलं पहिला अर्थ उचलतात आणि मोकळी होतात. 'प्रेझेंटली' म्हणजे तेव्हा बहुधा 'ताबडतोब', 'नाइस' म्हणजे चॉसरच्या काळी 'मूर्ख', 'सिली' म्हणजे आधी 'भाग्यवान, निष्पाप'. हे शब्द ओळखीचे दिसतात म्हणूनच फसवतात. अनोळखी शब्द निदान कोश उघडायला तरी लावतो.

दुसरं उदाहरण सर्वनामांचं, आणि इथे मराठी वाचकाला फायदाही आहे आणि धोकाही. शेक्सपिअरच्या इंग्रजीत 'दाउ' आणि 'यू' असे दोन पर्याय होते. ढोबळमानाने 'दाउ' जवळच्याला, खालच्याला किंवा रागाच्या भरात. 'यू' आदराने किंवा अंतर ठेवून. 'किंग लिअर'च्या पहिल्याच प्रवेशात केंट हा सरदार राजाला विचारतो, 'व्हॉट वुड्स्ट दाउ डू, ओल्ड मॅन?' भर दरबारात राजाला 'तू' आणि वर 'म्हाताऱ्या'. अमेरिकन विद्यार्थ्याला हे तळटीप वाचून कळतं. आपल्याला ते कानालाच झोंबतं, कारण 'तू' आणि 'तुम्ही' आपल्याकडे रोजचे आहेत.

धोका 'हॅम्लेट'मधल्या आई-मुलाच्या प्रवेशात आहे, तिसऱ्या अंकाच्या चौथ्यात. गर्ट्रूड म्हणते, 'हॅम्लेट, दाउ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.' आई मुलाला 'दाउ' म्हणतेय, ते रीतसर आहे. तो उलट उत्तर देतो, 'मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.' त्याचं 'यू'ही रीतसरच, मुलाने आईला म्हणायचं तेच. मग ती म्हणते, 'कम, कम, यू आन्सर विथ अ‍ॅन आयडल टंग.' बदल इथे झाला. 'दाउ' सोडून ती 'यू'वर आली, आवाज थंड झाला. मराठी घरात मुलगा आईला 'तू' म्हणतो. म्हणून आपला वाचक मुलाच्या 'यू'वर अडकतो, त्यात त्याला नसलेलं अंतर ऐकू येतं, आणि आईचा खरा बदल हातून निसटतो. हे समजायला सिद्धांताची गरज नाही, सर्वनामांच्या खाली रेघ ओढत गेलं की पुरतं. एका प्रवेशाला अर्धा तास. प्रत्येक पात्राला वेगळा रंग द्यायचा आणि बदल होतो तिथे समासात खूण करायची. फक्त एक पथ्य: प्रत्येक 'यू'त अर्थ शोधत बसायचं नाही. 1600च्या सुमारास 'यू' सर्वसाधारण होत चाललं होतं, त्यामुळे सुट्या 'यू'ने काही सिद्ध होत नाही. एकाच पात्राने एकाच माणसाशी बोलताना मधेच केलेला बदल मोलाचा.

आणि हे सगळं करण्याआधी हातातली आवृत्ती कुठली ते बघायचं. 'हॅम्लेट'चा दुसरा क्वार्टो (एकट्या नाटकाची छोट्या आकारातली छापील प्रत) 1604-05चा, फोलिओ (सगळ्या नाटकांचा मोठ्या आकारातला संग्रह) 1623चा, आणि दोहोंत ओळीच्या ओळी वेगळ्या आहेत. बाजारातल्या गाइडमध्ये संपादकाचं नावच नसतं, मग पाठ कुठून घेतला हे कसं कळणार? संपादकाचं नाव आणि पाठाबद्दलची टीप असलेली आवृत्तीच घ्यावी. स्वस्तातली चालेल, निनावी चालणार नाही.

आपल्याकडे, नागपूरसकट, एम.ए. इंग्लिशचा भर साहित्यावर असतो. भाषाविज्ञान एखाद-दुसऱ्या पेपरात येतं, आणि तेही ध्वनिविज्ञानाच्या तक्त्यांपुरतं. नेट परीक्षेतही तेच. इंग्रजीचा विषय क्रमांक 30, भाषाविज्ञानाचा 31, म्हणजे दोन वेगळी दारं. इंग्रजीच्या दुसऱ्या पेपरच्या दहा घटकांत भाषेचा घटक एक, आणि भारतातल्या इंग्रजीचा इतिहास हा आणखी एक. जुन्या युरोपीय अर्थाने बघितलं तर आपले बहुतेक इंग्रजीचे प्राध्यापक साहित्याचे अभ्यासक आहेत, अँग्लिसिस्ट नाहीत. ही काही नालस्ती नाही. जर्मनीतसुद्धा आता साहित्य, भाषाविज्ञान आणि संस्कृती-अभ्यास यांच्या वेगवेगळ्या जागा निघतात. तरी पदवीच्या पातळीवर विद्यार्थ्याला साहित्यासोबत भाषाविज्ञानही करावंच लागतं, हा फरक राहतो.

महाराष्ट्रात भाषेच्या बाजूचं एक काम मात्र जगाच्या नकाशावर आहे, आणि इथल्या विद्यार्थ्यांना ते फारसं सांगितलं जात नाही: कोल्हापूर कॉर्पस. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला, 1978 साली भारतात छापलेल्या इंग्रजीचा नमुना. प्रत्येकी सुमारे 2,000 शब्दांचे 500 उतारे, म्हणजे एकूण दहा लाख शब्द. अमेरिकन इंग्रजीचा ब्राउन कॉर्पस आणि ब्रिटिश इंग्रजीचा लॉब कॉर्पस यांच्याच धर्तीवर, तुलना करता यावी म्हणून. ही तुलना करताना दोन ठिकाणी गाडी घसरते. ब्राउन आणि लॉबमधले उतारे 1961चे आहेत. मधली सतरा वर्षं विसरून आकडे शेजारी ठेवले, तर काळाने झालेला बदल भारतीयपणाच्या खात्यावर जमा होतो. दुसरं, कथासाहित्याच्या उपविभागांचं प्रमाण कोल्हापूरमध्ये वेगळं आहे, म्हणून कथांची तुलना करायची तर एकूण आकडा न घेता विभागवार घ्यावा. वारंवारता दर दहा लाख शब्दांमागे किंवा दर हजारामागे काढून मगच तक्ता करावा.

ग्रंथालयात हा भाषा-साहित्याचा दुभंग अगदी डोळ्यांना दिसतो. ड्युई वर्गीकरणात इंग्रजी भाषा 420ला आणि इंग्रजी साहित्य 820ला. मधे गणित, वैद्यक, स्वयंपाक, चित्रकला, सगळं येतं. कविता 821, नाटक 822, त्यातला शेक्सपिअर 822.33, कादंबरी 823, निबंध 824. अमेरिकन साहित्य 810ला. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे सर्वांत जुन्या इंग्रजीतलं साहित्य 829ला आणि ती भाषा 429ला. कोश 423. म्हणजे वरचा 'लेट'चा एक प्रश्न सोडवायला दोन कपाटं गाठावी लागतात, आणि बहुतेक ठिकाणी 423 संदर्भ विभागात असल्यामुळे ते पुस्तक घरी मिळत नाही. तिथेच बसून टिपून घ्यायचं. भारतीय इंग्रजी कादंबरी कुणी 823ला ब्रिटिश कादंबऱ्यांत मिसळून ठेवतं, कुणी वेगळं कपाट करतं. ग्रंथपालाला विचारलेलं बरं.

डेटाबेसमध्ये शोधताना 'अँग्लिसिस्ट' एवढंच टाकलं, की वर मेकॉलेच मेकॉले येतो. युरोपीय अर्थ हवा असेल तर 'अँग्लिस्टिक्स' किंवा जर्मन 'अंग्लिस्टिक' टाका, जोडीला 'इंग्लिश फिलॉलॉजी', आणि 'ओरिएंटलिस्ट' हा शब्द वजाबाकीचं चिन्ह देऊन वगळा. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, या शब्दांनी जवळपास काही हाती लागणार नाही. तिथे 'डिपार्टमेंट ऑफ इंग्लिश' गाळणी लावून विषयाच्या शब्दांनी शोधावं.

बायोडेटात हा शब्द लिहू नका, असं माझं स्पष्ट मत. इथल्या मुलाखत मंडळातला इतिहासाचा माणूस '1835चे का?' म्हणून हसेल, इंग्लंड-अमेरिकेतल्या वाचकाला तो जुनाट वाटेल. 1990 साली स्थापन झालेल्या युरोपच्या संघटनेनेसुद्धा इंग्रजीत स्वतःचं नाव 'युरोपियन सोसायटी फॉर द स्टडी ऑफ इंग्लिश' असंच ठेवलं. विषयांची अशी नावं हळूहळू नाजूकही झाली आहेत. अँग्लो-सॅक्सनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 साली वंशवादाच्या वादातून आपलं नावच बदललं.

अपवाद एकच, जर्मन भाषेतला अर्ज. तिथे विभागाचं नावच 'इन्स्टिट्यूट फ्यूर अंग्लिस्टिक उंड अमेरिकानिस्टिक' असतं, कुठे 'एंग्लिशेस सेमिनार'. त्यांची बी.ए. 180 क्रेडिटची आणि एम.ए. 120ची असते, आणि एक क्रेडिट 25 ते 30 तासांच्या कामाचं. विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर 2022 पासून एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्रही लागतं, तेव्हा ते आधी सुरू करावं. काही एम.ए. अभ्यासक्रम भाषाविज्ञानाची ठरावीक क्रेडिट मागतात, आणि आपल्याकडचे अर्ज तिथेच अडकतात, कारण गुणपत्रिकेवर 'पेपर 3' एवढंच छापलेलं असतं. त्या वर्षीचा अभ्यासक्रम विद्यापीठाकडून शिक्क्यासह घ्यावा, ध्वनिविज्ञान, व्याकरण, भाषेचा इतिहास शिकवलेले घटक त्यात पिवळे करावेत आणि सोबत एक पान जोडावं: कुठल्या पेपरात काय, किती गुणांचं. बी.ए.चं 'कम्पल्सरी इंग्लिश' आणि ऐच्छिक 'इंग्लिश लिटरेचर' या पानावर वेगवेगळे दाखवावेत. पहिलं त्यांच्या हिशेबात भाषेच्या सरावात, म्हणजे 'श्प्राखप्राक्सिस'मध्ये मोडतं. ते साहित्याच्या रकान्यात घातलं, तर तपासणारा बाकीच्या रकान्यांकडेही संशयाने बघायला लागतो.